वॅटरावांचा तिसरा ट्रे

अनुदान मिळालं नाही म्हणून कपाळाला हात लावणारी माणसं तुम्ही ढिगानं पाहिली असतील. अनुदान मिळालं म्हणून तीन दिवस घास न उतरलेला माणूस आमच्या माहितीत एकच, आणि ते म्हणजे वॅटराव.

हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पंख्याच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं काढल्यामुळे कुणाकडेही गेले की आधी मान वर करून "हा दिवा किती वॅटचा?" असं विचारायची त्यांना सवय होती. आजाऱ्याच्या चौकशीला गेले तरी पहिला प्रश्न हाच. आजारी माणूस बिचारा उशीवरून मान वळवून दिव्याकडे बघायचा.

कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेऊन त्यांनी गच्चीवर एक यंत्र उभं केलं. उन्हावर भाज्या वाळवायचं यंत्र. आतून काळं, वरून तिरकी काच, खालून गरम हवा शिरायला पत्र्याची घसरगुंडी, आणि आत एकावर एक पाच जाळीचे ट्रे. प्रत्येक ट्रेसमोर बिजागरीचं एकेक छोटं दार. वीज नाही, गॅस नाही, धूर नाही. वॅटराव त्याला 'सौर निर्जलीकरण संच' म्हणत, बिल्डिंगमधले लोक 'वॅटरावांचं कपाट' म्हणत, आणि वहिनी, म्हणजे वॅटरावांची बायको, ज्या दिवशी जशी मनःस्थिती असेल तसं काहीतरी म्हणत.

तर या यंत्रात सकाळी टोमॅटोच्या चकत्या ठेवल्या की संध्याकाळी पहिला ट्रे कुरकुरीत, दुसरा कुरकुरीत, चौथा आणि पाचवाही कुरकुरीत. तिसरा ओला. कांदा ठेवा, सफरचंद ठेवा, तिसरा ओला. वरून मोजा की खालून मोजा, तिसरा तो तिसराच, कारण ट्रे पाच. सहा वर्षं वॅटराव या एका कोड्यानं झपाटले होते. हवा खालून वर जाते, ऊन वरून खाली येतं, मग मधल्यानंच कुणाचं काय घोडं मारलंय?

वहिनींचा सल्ला अगदी व्यवहारी होता. "अहो, तिसऱ्यात काही ठेवूच नका. चारच भरा."

"म्हणजे प्रश्न सुटला का?"

"टोमॅटो सुटले."

यावर वॅटराव दोन दिवस बोलले नव्हते. त्यांना यंत्र विकायचंही होतं, नाही असं नाही, पण त्याहून जास्त त्यांना कळायचं होतं. जगाच्या पाठीवर कुठेतरी एक माणूस असेल, ज्याला तिसऱ्या ट्रेची गोष्ट सांगितली तर तो घड्याळाकडे न बघता ऐकेल, एवढीच त्यांची इच्छा. बिल्डिंगमध्ये तसा माणूस नव्हता. वॅटराव जिन्यात दिसले की लोक लिफ्टनं जात, आणि लिफ्ट बंद असली की परत घरात जात.

अशात त्यांना ती जाहिरात दिसली. दूरदेशीचं एक प्रतिष्ठान स्वच्छ ऊर्जेच्या छोट्या उद्योजकांना अनुदान देणार होतं, तेही माल घ्यायला नाही, जागा घ्यायला नाही, तर एकमेकांकडे जायला! एका देशाचा उद्योजक दुसऱ्या देशाच्या उद्योजकाकडे दहा दिवस राहणार, त्याचं काम बघणार, हात काळे करणार. मग दुसऱ्यानं पहिल्याकडे जायचं. वॅटरावांनी ते तीनदा वाचलं आणि लगेच अर्ज भरायला बसले. पहिले दहा प्रश्न त्यांनी पाऊण तासात उरकले. अकरावा होता : 'आपल्या कामातली अजून न सुटलेली अडचण सांगा.'

वॅटरावांना भरून आलं. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून विचारत होतं. त्यांनी चार पानं लिहिली.

ही चार पानं त्यांच्या मेहुण्यानं वाचली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. वहिनींचा हा धाकटा भाऊ जाहिराती लिहायचा. त्यानं पानं खाली ठेवली, चष्मा काढला आणि म्हणाला, "भावजी, तुम्ही अनुदान मागताय की गुन्हा कबूल करताय?"

"अरे, त्यांनीच विचारलंय."

"विचारतात हो! सांगायचं नसतं."

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार करायला आले होते, ते अडचण हा शब्द ऐकून बसलेच. चेअरमन म्हणजे एका बड्या ऑफिसात माणसं नेमायच्या खात्याचे निवृत्त प्रमुख. त्यांनी हजारो मुलाखती घेतल्या होत्या, आणि कमकुवत बाजू विचारल्यावर जो खरोखर कमकुवत बाजू सांगतो त्याला त्यांनी एकदाही नोकरी दिली नव्हती. "हा सापळा असतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. मेहुण्यानं मग चार पानांतलं एकच वाक्य ठेवलं. वॅटरावांनी लिहिलं होतं, 'मधला ट्रे ओला राहण्याचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.' मेहुण्यानं केलं, 'मधला ट्रे ओला राहण्याचा प्रश्न आम्ही स्वतःच्या खास पद्धतीने कायमचा सोडवला आहे.'

वॅटरावांना ते टोचलं. पण दोन जाणती माणसं समोर बसून माना डोलवत होती आणि वहिनी म्हणाल्या होत्या, "जरा दुसऱ्याचंही ऐकावं माणसानं." त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं.

प्रतिष्ठानाला एक दाखला हवा होता, की हा उद्योग स्वच्छ ऊर्जेचाच आहे. वॅटराव सरकारी कचेरीत गेले. ऊर्जेच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "वीज तयार होते?" वॅटराव म्हणाले, "नाही, वीज लागतच नाही, हीच तर गंमत आहे." बाई म्हणाल्या, "मग ऊर्जा कसली? अन्नाच्या खिडकीत जा." अन्नाच्या खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "टोमॅटो विकता?" "नाही, यंत्र." "मग अन्न कसलं?" वॅटराव दोन खिडक्यांमध्ये चार दिवस येरझारा घालत होते. पाचव्या दिवशी अन्नवाल्या गृहस्थांनी यंत्राचा फोटो मागितला, बराच वेळ न्याहाळला आणि उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "अहो, हे तर कपाट आहे!" दहा मिनिटांत फर्निचरच्या खिडकीतून दाखला मिळाला. 'लाकडी व पत्र्याचे कपाट, उन्हात ठेवण्याचे.' खाली वॅटरावांनी हातापाया पडून 'ऊर्जेसह' एवढं लिहून घेतलं. बावीस वर्षं विजेच्या मोटारीत घालवलेल्या माणसाला सरकारनं सुतार ठरवलं, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

आणि इतकं होऊनही निवड झाली! वॅटरावांनी पत्र हातात घेऊन चार मजले वर-खाली केले. लोकांनी चक्क दारं उघडली. वहिनींनी सगळ्यांना बिस्किटं वाटली. मेहुणा तर असा वावरत होता की जणू सूर्य त्यानंच उगवायला लावला. चेअरमनना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून पत्र मोठ्यानं वाचायला वॅटराव उभे राहिले आणि दुसऱ्या परिच्छेदावर अडले.

पत्रात लिहिलं होतं, की आपली जोडी एका उद्योजिका बाईंशी जुळवली आहे. त्याही असंच यंत्र बनवतात. मधला ट्रे ओला राहण्याच्या अडचणीनं त्यांचं काम आठ वर्षं रखडलं आहे. आपण ती सोडवली आहे, हे वाचून त्यांना अत्यानंद झाला. आपली खास पद्धत शिकायला त्या तेवीस दिवसांनी येत आहेत, आणि परत गेल्यावर तीस बायकांच्या एका गटासाठी तीस यंत्रं त्याच पद्धतीनं बांधणार आहेत.

वॅटराव खुर्चीत बसले ते बसलेच. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मी त्यांना खरं कळवतो," तिसऱ्या दिवशी ते म्हणाले.

"वेडे आहात का भावजी? अजून वीस दिवस आहेत. सोडवून टाका!" मेहुणा म्हणाला.

पुढचे तीन आठवडे गच्चीवर जे चाललं त्याला प्रयोग म्हणायचं की हाल, हे ज्यानं त्यानं ठरवावं. वॅटरावांनी आरसे लावले. घसरगुंडी लांब केली. जाळी बदलली. चेअरमननी यंत्राचं तोंड फिरवायला सांगितलं, ते फिरवलं. मेहुण्यानं सुचवलं, "तिसऱ्या ट्रेवर चार नंबर टाका ना," आणि दर दहा मिनिटांनी वॅटराव तिसरं दार उघडून, चकती चिमटीत दाबून, सुस्कारा टाकून दार लावत. वहिनी रोज टोमॅटो चिरून चिरून रडकुंडीला आल्या होत्या. कांद्यानं आणलं नाही ते पाणी टोमॅटोनं आणलं, असं त्या म्हणत.

पत्र आल्यापासून सतराव्या दिवशी वॅटरावांनी संतापून तिसरा ट्रे काढूनच टाकला. आणि काय सांगू? आता चौथा ओला राहायला लागला! जन्मात कधी न ओला राहिलेला चौथा! वॅटराव त्या दारासमोर उकिडवे बसले. घाबरायचं सोडून त्यांना वाटलं, वा! म्हणजे दोष ट्रेचा नाही, जागेचाही नाही. हा ओलावा आपला पाठलाग करतोय. पण का? पाहुणी सहा दिवसांवर आली होती, अब्रू टांगणीला लागली होती, आणि हा गृहस्थ खुशीत मांडीवर थाप मारून "का पण? का?" असं स्वतःलाच विचारत होता. वहिनींनी खालून विचारलं, "बरं वाटतंय ना?"

पाहुण्या बाई ठरल्या दिवशी आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पाठीवर सॅक आणि हातात कडा मोडलेली जाडजूड वही. दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे समजायला काही अडचण आली नाही. वॅटरावांनी पहिला दिवस बिल्डिंग दाखवण्यात घालवला. पाण्याचा पंप दाखवला, मीटरची खोली दाखवली, प्रत्येक दिव्याचे वॅट सांगितले. दुसऱ्या दिवशी चेअरमनचं स्वागताचं भाषण झालं आणि मेहुण्यानं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली; त्यात वॅटरावांचं कपाट उगवत्या सूर्यासमोर उभं होतं आणि तिसरा ट्रे कुठेच नव्हता. बाई शांतपणे बघत होत्या. यंत्र कधी सुरू करायचं, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोनदा वॅटराव म्हणाले, "आज त्याला विश्रांती आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच बाई गच्चीवर हजर. वहिनींनी सवयीनं, काढून टाकलेला तिसराही परत घेऊन, पाचही ट्रे भरून आत सरकवले आणि त्या खाली गेल्या. बाईंनी वही उघडली. पानोपानी यंत्राची चित्रं, तारखा, आणि प्रत्येक चित्रात मधल्या ट्रेवर निळ्या शाईचा गोळा. त्या म्हणाल्या, "तीस जणी वाट बघतायत. मी त्यांना सांगून आलेय, या खेपेला रिकाम्या हातानं नाही यायची. आता सांगा, तुम्ही काय केलंत?"

वॅटरावांनी तोंड उघडलं. मेहुण्यानं पाठ करून घेतलेलं एक वाक्य तयार होतं, 'उष्ण वायूच्या बहुस्तरीय नियोजनातून' वगैरे. त्या निळ्या गोळ्यांकडे बघून त्यांनी ते सोडून दिलं.

"मी खोटं लिहिलं," ते म्हणाले. "माझाही ओला राहतो. सहा वर्षं. मला काही कळलेलं नाही. माफ करा."

बाईंनी वही मिटली. त्या उठून कठड्यापाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. वॅटरावांना वाटलं, ही आता सॅक उचलणार. आपल्यामुळे इतक्या लांबून आलेली बाई, तिकडच्या तीस जणी, सगळ्यांना आपण फसवलं. शरमेनं त्यांचे कान तापले. असली शरम त्यांना फर्निचरच्या खिडकीतही वाटली नव्हती.

मग बाई वळल्या. चेहरा रागानं लाल होता, यात शंका नाही. पण त्यांनी विचारलं ते भलतंच.

"किती प्रकारे करून बघितलं?"

"एकोणीस."

"माझे सव्वीस." त्या परत येऊन धपकन बसल्या. "तुमचे सांगा. पहिल्यापासून. आरसे लावलेत?"

"लावले! तुम्ही?"

"दोन्ही बाजूंनी!"

मग जे सुरू झालं त्याचं वर्णन वहिनींकडूनच ऐकावं. टाकीच्या सावलीत ही दोन माणसं समोरासमोर बसली होती आणि दोघंही एकाच वेळी बोलत होती. वॅटरावांनी चौथ्या ट्रेची हकिगत सांगितली तेव्हा बाईंनी दोन्ही हात डोक्याला लावले आणि "नाही! खरंच?" असं तीनदा म्हटलं. सहा वर्षांत वॅटरावांच्या तोंडचं एक वाक्य ऐकून कुणी डोक्याला हात लावला नव्हता, म्हणजे अशा आनंदानं तरी नव्हता लावला. वहिनींनी जेवण वर आणलं, ते थंड झालं. चहा आणला, तो थंड झाला. चेअरमन टाकीबद्दल काही सांगायला आले, त्यांना बाईंनी वही धरायला दिली. ते बिचारे अर्धा तास वही धरून उभे होते.

ऊन कलल्यावर वहिनी ट्रे काढायला वर आल्या. त्यांनी पाच दारं उघडली, पाच ट्रे काढले आणि पातेल्यात ओतायला लागल्या.

"झालंय हो सगळं," त्या म्हणाल्या.

वॅटराव बोलता बोलता थबकले. "सगळं?"

"सगळं म्हणजे सगळं."

दोघं अशी धावली की चेअरमनच्या हातातली वही पडली. तिसरा ट्रे कोरडा ठणठणीत होता. चकती मोडली की कट्कन आवाज येत होता. वॅटरावांनी एक मोडली, बाईंनी एक मोडली, मग दोघांनी वेड्यासारख्या वीसएक मोडल्या. मग लगेच वादाला तोंड फुटलं. वॅटराव म्हणाले वारा कमी होता, बाई म्हणाल्या टोमॅटो वेगळे होते. वॅटरावांनी आरशांचा कोन मोजला. बाईंनी हवेतली आर्द्रता मोजली. तीन पानं भरली.

वहिनी पातेलं कडेवर घेऊन ऐकत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "अहो, पण आज तुम्ही ते दार उघडलंत कुठे?"

वॅटरावांनी हातातली मोजपट्टी खाली ठेवली.

"रोज दर दहा मिनिटांनी उघडता. गरम हवा बाहेर, गार हवा आत. मी भाजीवरचं झाकण सारखं काढलं तर भाजी शिजेल का?"

वॅटरावांनी यंत्राकडे बघितलं. तिसरं दार बरोब्बर त्यांच्या डोळ्यांसमोर, हाताच्या उंचीवर. ना वाकायला लागत, ना टाचा उंचवायला लागत. म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी तेच उघडून बघितलं असणार. ते ओलं दिसलं म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त वेळा. ट्रे काढला तेव्हा ते चौथं उघडायला लागले होते.

"तुमच्या यंत्राला दार कुठे आहे?" वहिनींचं म्हणणं बाईंना इंग्रजीत सांगून त्यांनी हळूच विचारलं.

"ट्रे मागून सरकतात. डोकावायला एकच झडप आहे," बाई म्हणाल्या. "मधोमध."

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि "आठ वर्षं! आठ वर्षं मीच!" एवढंच त्या म्हणत होत्या. वॅटरावही हसले. त्यांना लाज वाटत होती, आणि इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं.

उरलेले दिवस पडताळणीत गेले. वहिनी स्टूल टाकून यंत्राजवळ परीक्षेतल्या सुपरवायझरसारख्या बसत, आणि ही दोघं टाकीपलीकडे पाठमोरी, चुळबुळत. "वास येतोय का बघू?" "बसा खाली." चार दिवस ट्रे कोरडा. पाचव्या दिवशी मुद्दाम दर दहा मिनिटांनी दार उघडलं, आणि तिसरा ओला गच्च! ओला ट्रे बघून दोन माणसांनी एकमेकांना टाळी दिल्याचं बिल्डिंगनं पहिल्यांदाच पाहिलं. बाई गेल्या त्या तीस यंत्रांची नवी चित्रं घेऊन, ज्यांत झडपच नव्हती.

वॅटरावांनी प्रतिष्ठानाला अहवाल लिहिला, आणि या वेळी कुणालाही दाखवला नाही. खोटं लिहिल्याचं लिहिलं, कपाटाच्या दाखल्याचं लिहिलं, उत्तर कसं मिळालं आणि कुणामुळे, तेही लिहिलं. मेहुण्याला कळलं तेव्हा त्यानं पाणी मागितलं. महिन्याभरानं उत्तर आलं. असत्य विधानाची नोंद घेतली आहे, तीन वर्षं आपल्याला नव्यानं अर्ज करता येणार नाही. मात्र ठरल्याप्रमाणे परतभेट होईल. ज्या व्यक्तीच्या निरीक्षणामुळे उत्तर सापडलं, त्या व्यक्तीनं तीस यंत्रं पाहायला यावं, अशी तिकडच्या सर्वांची इच्छा आहे. सोबत तिकीट होतं. वहिनींच्या नावाचं.

वॅटरावांनी ते पत्र उलटसुलट करून बघितलं. दुसरं तिकीट नव्हतं.

"मी नाही जायची हो," वहिनी म्हणाल्या, आणि त्याच दमात, "तिकडे थंडी असेल का?"

वॅटराव दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा राग कुतूहलानं खाल्ला. त्यांनी वहिनींसाठी सहा पानी यादी केली, तिकडे काय काय बघायचं, काय मोजायचं, कुठल्या कोनाचे फोटो काढायचे. वहिनींनी ती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "बघते." विमानतळावर आत जाताना त्यांनी एकदा मागे वळून हात हलवला. वॅटरावांना एकदम गलबलून आलं. आपण इतकी वर्षं हिला टोमॅटो चिरायला लावले आणि एकदाही तिला काही विचारलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. ते त्यांनी तिला ओरडून सांगितलंही, पण मध्ये काच होती.

घरी येऊन ते थेट गच्चीवर गेले. टोमॅटो भरलेले असणार, वहिनींनी सकाळीच सांगितलं होतं. फक्त एकदा, अगदी फट करून बघावं, म्हणून त्यांनी हात पुढे केला.

पाचही दारांना कुलपं होती. किल्ल्या विमानात बसून गेल्या होत्या.